कोंड्याच्या खोक्यावरचा एमिल कोसार

वेन्डेल हाउप्टला फक्त एक कार्ड हवं होतं, आणि त्या एका कार्डापायी अख्ख्या केल्टन गावाने त्याच्या पोटासाठी प्रार्थना केली. चूक कोणाची, यावर गावात अजून एकमत नाही. वेन्डेलचं म्हणणं, चूक कोंड्याची.

कार्ड म्हणजे बेसबॉलचं. पण दुकानात पाकिटातून मिळतात तसली गुळगुळीत कार्डं नव्हेत. बासष्ट साली नाश्त्याच्या फ्लेक्सची खोकी यायची, त्यांच्या पाठीवर खेळाडू छापलेले असायचे. भोवती तुटक रेषा. पोरांनी आईची कात्री घ्यायची आणि कापून काढायचे. आता पोरं कापणार म्हणजे कशी कापणार? कोणाची टोपी गेलेली, कोणाची बॅट मनगटापाशीच संपलेली, एकाच्या तर गालावर जॅमचा डाग. म्हणून ही कार्डं स्वस्त. बड्या शौकिनांना ती नको असतात. परगण्याच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या माणसाला मात्र परवडतात. वेन्डेल कुत्र्यांचे परवाने द्यायचा.

तर असे दोनशे खेळाडू. वेन्डेलकडे त्यातला एक सोडून सगळे होते. राहिला होता एमिल कोसार.

हा एमिल कोसार कोण, हे तुम्ही विचाराल तर ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या नंबरावर रखडणाऱ्या संघाचा राखीव कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. तोही मुख्य कॅचरचं बोट मोडलं तर. आणि मुख्य कॅचरची बोटं फार मजबूत होती. मग असल्या माणसाचं कार्ड स्वस्तात मिळायला हवं की नको? इथेच गोम आहे. नामांकित खेळाडू कंपनीने गोड फ्लेक्सच्या खोक्यांवर छापले होते. ती खोकी घरोघरी गेली, घरोघरी कापली गेली. कोसारला त्यांनी छापलं फक्त एका प्रकारच्या खोक्यावर, आणि ते खोकं होतं गव्हाच्या कोंड्याचं. कोंडा कुठलं पोर खातं? कोंडा खायचे आजोबा. आणि आजोबा कात्री घेऊन खेळाडू कापत बसत नाहीत, ते पोट साफ झालं की खोकं कचऱ्यात टाकतात. म्हणून सगळ्यात फालतू खेळाडू सगळ्यात दुर्मिळ. शौकिनांच्या मासिकात त्याच्या कार्डाचा भाव वाचून वेन्डेलने मासिक मिटलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

"राहू दे ना एक," त्याची बायको डोरीन म्हणाली. "एवढी आहेत ती काय कमी आहेत?"

"एक राहिलं म्हणजे पूर्ण नाही."

"मग त्यात नवीन काय? आपल्याकडे पूर्ण काय आहे? गॅरेज अर्धं रंगवलंयस. तळघरातल्या होडीला एकच बाजू आहे. गिटारचे तुला तीन सूर येतात."

"चार."

"आयुष्यात एक गोष्ट पूर्ण केलेली मला दाखव, वेन्डेल. एकच. मी त्या दिवशी केक करीन."

ती हसत हसत बोलली होती. पण हसत बोललेलंच जास्त लागतं. त्या दिवसापासून वेन्डेलला ते कार्ड निव्वळ कार्ड म्हणून नको होतं. आपण काहीतरी शेवटापर्यंत नेऊ शकतो, हे त्याला एकदा बघायचं होतं.

आणि मग त्याला एक कल्पना सुचली. कल्पना साधी होती. बासष्ट साली गावात कोंडा कोण खात होतं ते शोधायचं. त्यांच्या तळघरात, माळ्यावर, वर्कशॉपमध्ये एखादं जुनं खोकं खिळे ठेवायला वापरलेलं असणार. बाकी देशातले आजोबा खोकी टाकोत, आपल्या भागात कोणी काही टाकत नाही. आता कोंडा कोण खात होतं हे कसं शोधायचं? तर बद्धकोष्ठ कोणाला होतं ते शोधायचं.

हे तर्काला धरून आहे की नाही तुम्हीच सांगा. वेन्डेलला तर आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

पहिला भेटला ऑर्व्हिल स्टुकी. शेजारी. निवृत्त, सकाळपासून कुंपणापाशी असतो, तिथे त्याला काम काही नसतं. वेन्डेलने जरा इकडचं तिकडचं बोलून घेतलं, पानगळ, पाऊस, आणि मग विचारलं, "ऑर्व्हिल, तुमच्या वडिलांचं पोट कसं असायचं हो?"

ऑर्व्हिल दाताळ्यावर हात ठेवून थांबला.

"वडिलांचं?"

"म्हणजे साफ व्हायचं का?"

ऑर्व्हिलने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस झाले?"

"बरं, बरं. तुझ्या वडिलांचं विचारतोयस असं धरू."

"माझ्या नाही, तुमच्या वडिलांचं!"

"तेच रे. कोणाच्या तरी वडिलांचं." ऑर्व्हिलने मान हलवली. "सकाळी उठल्या उठल्या गरम पाण्यात एरंडेल. आणि उकिडवं बसायचं. आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत कमोडवर विश्वास ठेवला नाही."

"कोंडा खायचे का ते?"

"कोंड्याने तुझं काम होणार नाही, वेन्डेल. तू त्याच्या पलीकडे गेला आहेस. चेहऱ्यावर दिसतंय."

इथे केल्टनची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस स्वतःचं दुखणं कधी स्वतःच्या नावावर सांगत नाही. शोभत नाही ते. मूळव्याध असेल तर विचारायचं, 'माझ्या एका मित्राला मूळव्याध आहे, त्याने काय करावं?' ऐकणाऱ्यानेही त्या मित्राची चौकशी करायची, आणि बसायला मऊ उशी मात्र ह्याच्या घरी आणून द्यायची. आणि समजा कोणी विचारलंच की बाबा तुला काही होतंय का, तर 'नाही, मी मजेत' म्हणायचं. सभ्य माणूस नाहीच म्हणतो. त्यामुळे नाही म्हटलं की लोकांची खात्रीच पटते.

वेन्डेल याच गावात जन्मला. त्याला हे माहीत होतं. पण डोक्यात कार्ड होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर खालच्या हॉलमध्ये कॉफी असते. तिथे त्याने मिसेस फ्रुथना गाठलं. त्यांचे सासरे फार म्हातारे होऊन गेले होते, म्हणजे कोंडा नक्की. मिसेस फ्रुथ म्हणजे गावाची प्रार्थना-साखळी. कोणी आजारी पडलं की त्या एकीला फोन करतात, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि दुपारच्या आत सगळं गाव त्या माणसासाठी डोळे मिटून बसतं.

"मिसेस फ्रुथ," वेन्डेल हळूच म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना, म्हणजे, जायला त्रास व्हायचा का?"

"जायला? नाही रे, झोपेतच गेले."

"तसं जायला नाही."

मिसेस फ्रुथनी कप बशीत ठेवला. त्याच्या दंडावर हात ठेवला.

"वेन्डेल. डोरीनला माहीत आहे?"

"डोरीनचा काय संबंध? मला फक्त त्यांनी काय खाल्लं ते हवंय. बासष्ट साली."

"बासष्टपासून?" मिसेस फ्रुथच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचाऱ्या. आणि आम्ही तुला दर रविवारी पुढच्या ओळीत, कडक बाकावर बसवतो!"

सोमवारी संध्याकाळी पहिलं भांडं आलं. दारात, फॉइलने झाकलेलं, खाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आत कोंड्याचे मफिन. मंगळवारी सुक्या प्लमचा हलवा. मग ओट आणि कोबी. मग कोणीतरी न बोलता ठेवून दिलेला अळशीचा डबा. डोरीन कामावरून आली की दारातली भांडी ओलांडून आत यायची.

"हे काय चाललंय?"

"लोक प्रेमळ आहेत," वेन्डेल म्हणाला.

"लोकांना काय सांगितलंयस तू?"

वेन्डेलने सांगितलं. डोरीन सोफ्यावर बसली. बसली ती उशी तोंडावर धरून हलत राहिली. वेन्डेलला आधी वाटलं रडतेय.

"जा आणि सांग सगळ्यांना," ती उशीतून म्हणाली.

"सांगितलं. मिसेस फ्रुथना फोन करून सांगितलं, मला काही झालेलं नाही."

"मग?"

"म्हणाल्या, किती शूर आहेस."

साखळीत बातमी सरकते तेव्हा ती थोडी थोडी फुगते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मिसेस फ्रुथनी सांगितलं 'पोटाचा जुना त्रास'. पुढचीला ऐकू आलं तसंच, पण तिने विचार केला की नुसत्या त्रासाला कोणी फोन करत नाही, म्हणून तिने 'तपासण्या' घातल्या. शेवटच्या फोनपर्यंत वेन्डेलचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते मोठ्या शहरात होतं.

आता कचेरीचं बघा. साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब चांगले होते. त्यांनी दार लावलं, पडदा ओढला, आणि म्हणाले, "हाउप्ट, नियम असा आहे की प्रकृती ठीक नसलेल्या कर्मचाऱ्याला काउंटरवर बसवता येत नाही."

"माझी प्रकृती ठीक आहे, साहेब."

"मग तसा दाखला आणा."

"ठीक असल्याचा?"

"ठीक नसल्याचा असता तर मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला असता."

डॉक्टर म्हणाले, दाखला देतो, त्यात काय. पण एखाद्याला बद्धकोष्ठ आहे हे तो सांगतो म्हणून लिहिता येतं. नाही हे लिहायचं तर तपासावं लागतं.

"कसं तपासणार?" वेन्डेलने विचारलं.

डॉक्टरांनी खणातून हातमोजे काढले.

त्या तपासणीबद्दल वेन्डेल कधी बोलला नाही आणि मीही जास्त लिहीत नाही. दाखला मिळाला एवढं खरं. पण तो घेऊन बाहेर येताना दवाखान्यात ओळीने बसलेल्या बायकांनी त्याला वाकून चालताना पाहिलं, आणि त्या दाखल्यापेक्षा त्याचं चालणं गावात आधी पोचलं.

पुढच्या आठवड्यात तो पेट्रोल भरायला गेला. पैसे द्यायला काउंटरपाशी आला तर तिथे कॉफीचा रिकामा डबा, झाकणाला फट, आणि डब्यावर स्वतः वेन्डेल. फोटो कचेरीच्या ओळखपत्रावरचा होता. या फोटोत तो आधीपासूनच पोट दुखत असल्यासारखा दिसायचा, हे डोरीनने फार पूर्वी सांगितलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आपल्या वेन्डेलसाठी. शनिवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकचा नाश्ता. या आणि पोटभर खा.' शेवटचे दोन शब्द कोणीतरी विचार करून खोडले होते.

वेन्डेल घरी आला आणि टेबलावर पसरलेल्या कार्डांसमोर बसला. एवढे सगळे खेळाडू त्याच्याकडे बघत होते. मधे एक मोकळी जागा.

"शनिवारी मी उभा राहून सगळ्यांसमोर खरं सांगतो," तो म्हणाला.

"सांग," डोरीन म्हणाली. "पण आधी खाऊन घे. नंतर कोणी वाढेलसं वाटत नाही."

आमच्याकडे कोणाचं घर जळो, कोणाचा पाय मोडो, आम्ही पॅनकेक करतो आणि ताटामागे मदतीचे पैसे घेतो. गावचे हौशी बंब-जवान बंब बाहेर काढून आत टेबलं मांडतात, स्वतः तव्यावर उभे राहतात, आणि आजूबाजूच्या गावांतूनही लोक येतात. दुःख कोणाचं आहे याचं त्यांना फारसं नसतं, सॉसेज चांगले असतात. त्या शनिवारी बसायला जागा नव्हती. वेन्डेलला मधल्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर उशी होती. तीही कोणीतरी विचार करूनच ठेवली होती.

पास्टर नॉर्बर्ट यांनी चार शब्द बोलायला सांगितलं. वेन्डेल उभा राहिला.

"मला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

टाळ्या. बंब-जवानांनी उलथणी हलवली. मिसेस फ्रुथनी रुमाल काढला.

"नाही, खरंच. टाळ्या वाजवू नका. माझं पोट उत्तम आहे. रोज सकाळी, म्हणजे, रोजच्या रोज. हा डॉक्टरांचा दाखला." त्याने दाखला वर धरला. पहिल्या टेबलावरून तो दुसऱ्या टेबलावर गेला, तिथून तिसऱ्या. त्यावर मॅपलचा पाक सांडला. लोक वाचत गेले तसे काटे खाली ठेवत गेले.

"मग बद्धकोष्ठ कोणाला आहे?" मागून एक म्हातारा म्हणाला.

"कोणालाच नाही. मला एक कार्ड हवं होतं. बेसबॉलचं. ते कोंड्याच्या खोक्यावर यायचं. म्हणून मी सगळ्यांना विचारत होतो."

तव्यावर एक पॅनकेक जळाला, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी कोबी किसला तुझ्यासाठी," एक बाई म्हणाली. "दोन गड्डे."

"मी रोज सकाळी तुझ्या आतड्यांसाठी देवाशी बोलत होते," मिसेस फ्रुथ म्हणाल्या. "नाव घेऊन. त्यांचं वर्णन करून."

"कोण खेळाडू तरी?" ऑर्व्हिलने विचारलं. निदान कोणी तरी मोठा असेल, अशी त्याला आशा होती.

"एमिल कोसार."

"कोण?"

"कॅचर होता. राखीव."

"राखीव," ऑर्व्हिल म्हणाला, आणि त्याने आपली बशी उचलून दुसरं टेबल गाठलं.

जमलेले पैसे बंबाच्या नव्या पाइपाला द्यायचं पास्टरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, त्यामुळे निदान भांडण झालं नाही. पण वेन्डेल कोट घ्यायला गेला तेव्हा वाटेतले लोक बाजूला सरकत होते. आजारी माणसाला वाट देतात तसे नाही.

बाहेर गाड्यांच्या रांगेत डोरीन इंजिन चालू ठेवून बसली होती. वेन्डेलने दाराला हात घातला तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचा कोट ओढला. लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी बाई होती, केल्टनची नव्हे. हातात फॉइलमध्ये बांधलेले सॉसेज.

"एमिल कोसारचं कार्ड कशाला हवंय तुला?"

"बाकी सगळी आहेत. तेवढं एक राहिलंय."

"एवढंच?"

"मी आजवर काही पूर्ण केलेलं नाही," वेन्डेल म्हणाला. दमला होता म्हणून खरं बोलला.

बाईने इकडे तिकडे बघितलं. "मी अ‍ॅग्नेस कोसार. विनफोर्डची. एमिल माझा धाकटा भाऊ."

विनफोर्ड म्हणजे पलीकडचं गाव. नदी ओलांडली की आलं. पण केल्टनचे लोक विनफोर्डबद्दल काही जाणून घेत नाहीत, तेही आमच्याबद्दल घेत नाहीत. वेन्डेल इतकी वर्षं त्या कार्डासाठी देशभर पत्रं पाठवत होता आणि हा माणूस नदीपलीकडे राहत होता.

"ते आहेत अजून?"

"आहे की. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. आवाज कमी कर. आमच्या गावच्या दोघी आत आहेत." तिने वेन्डेलला गाडीच्या आडोशाला ओढलं. "ऐक. कार्ड आलं तेव्हा आई रोज दुकानात जाऊन उभी राहायची. कुठलं पोर कोंडा घेतंय का बघायला. एकाने घेतला नाही. एमिल सीझन संपवून घरी येणार होता. त्याला काय दाखवणार, भरलेली फळी? मग आईने सगळी खोकी उचलून आणली. एमिल आला, दुकानात गेला, बघतो तर फळी रिकामी. इतका खूश झाला म्हणतोस! घरी येऊन नाचला."

"आणि कोंडा?"

"आम्ही खाल्ला. मी, आई आणि डुकरं. डुकरांनी आधी सोडला." ती क्षणभर थांबली. "त्याला वाटतं, विनफोर्डच्या घराघरात पोरांनी त्याला कापून ठेवलंय. शर्टाच्या खिशात पेन घेऊन हिंडतो अजून. कोणी सही मागायला आलं तर असावं म्हणून. कोणी आलं नाही. म्हणतो, पोरं लाजतात."

डोरीनने इंजिन बंद केलं.

"एक खोकं मी ठेवलंय," अ‍ॅग्नेस म्हणाली. "त्याला माहीत नाही. तुला देते. पण तू ते कापायचं. लहान पोराने कापावं तसं. आणि त्याच्याकडे घेऊन जायचं, म्हणायचं, लहानपणी मी कापलं होतं, आता सही द्या."

"न कापलेलं खोकं?" वेन्डेलचा आवाज चिरकला. छंदवाल्या माणसाला न कापलेलं खोकं म्हणजे काय, हे इतरांना कळणार नाही. ते जगात अजून कुठे असेल की नाही, त्याला सांगता आलं नसतं. "अहो, ते कापायचं नसतं!"

"मग नाही देत," म्हातारी म्हणाली. "सॉसेज गार होतायत माझे."

खोकं त्याच दुपारी घरी आलं. वेन्डेलने ते टेबलावर ठेवलं आणि हात धुऊन आला. रंग टवटवीत, कोपरे शाबूत, पाठीवर सात खेळाडू, आणि खालच्या रांगेत एमिल कोसार, ग्लोव्ह पुढे धरून, कोणीतरी चेंडू टाकेल याची वाट बघत. वेन्डेलने कात्री हातात घेतली. ठेवली. परत घेतली.

"असंच ठेवलं तर?" तो म्हणाला. "चौकटीत लावलं तर? कार्ड त्यात आहेच. म्हणजे दोनशे झालेच."

डोरीनने फक्त कात्री त्याच्या उजव्या हातातून काढली आणि डाव्या हातात दिली.

"आता काप," ती म्हणाली. "आणि रेषेकडे जास्त बघू नकोस."

कर्रर्र झालं. वेन्डेलने डोळे अर्धे मिटले होते. पहिल्याच वळणावर कात्री घसरली आणि कोसारचा ग्लोव्ह अर्धा गेला. कापलेल्या कडा पांढऱ्याफेक निघाल्या, आत्ताच कापलंय हे सांगणाऱ्या, म्हणून डोरीनने त्या गार कॉफीत बोट बुडवून चोळल्या, कोपरे अंगठ्याने मऊ केले, आणि कार्ड थोडा वेळ पँटच्या मागच्या खिशात घालून वेन्डेलला जिना चढायला-उतरायला लावलं. शेवटी ते इतकं खराब झालं की कोणालाही आवडलं असतं.

रविवारी दुपारी तो विनफोर्डला गेला. एमिल कोसार पडवीत खुर्चीत बसला होता. मोठा देह, वाकडी बोटं, पाय स्टुलावर. अ‍ॅग्नेसने आतून हाक मारून सांगितलं, "एमिल, तुला कोणी तरी भेटायला आलंय," आणि ती दारामागे उभी राहिली. तिच्या स्लिपर दाराखालून दिसत होत्या.

"मिस्टर कोसार," वेन्डेल म्हणाला, "मी केल्टनचा. लहानपणी तुमचं कार्ड कापलं होतं. सही द्याल का?"

एमिलने कार्ड घेतलं. चष्मा कपाळावरून खाली आणला. कार्ड नाकाजवळ नेलं. वेन्डेलला वाटलं, याला कॉफीचा वास आला.

"ग्लोव्ह कापलास की रे माझा!" एमिल एकदम म्हणाला.

"लहान होतो."

"कितीचा?"

"नऊ."

"मग बरोबर. नऊ वर्षांचं पोर असंच कापतं." त्याने कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "मी म्हणायचो ना, अ‍ॅग्नेस! पोरं लाजतात! हा बघ, एवढा बाप्या झाला तेव्हा आला!" त्याने खिशातून पेन काढलं. झाकण काढलं. आणि पेन कार्डावर टेकवायच्या आधी थांबला.

"पण तू कोंडा का खायचास?"

वेन्डेलने याचं उत्तर वाटेत तयार केलं होतं. "मला चव आवडायची."

एमिलचा चेहरा बदलला. पेन तसंच राहिलं.

"खोटं बोलतोयस. मी खाल्लाय तो कोंडा. चव नव्हतीच त्याला. कुठलंही पोर आवडीने खाणार नाही." त्याने कार्डाची कड अंगठ्याने चाचपून बघितली. "खरं सांग, कोणी पाठवलं तुला?"

दारामागच्या स्लिपर हलल्या.

वेन्डेलने रस्त्याकडे बघितलं. काल सकाळीच तो सगळ्या गावासमोर दाखला दाखवून मोकळा झाला होता. त्या दाखल्यासाठी काय सोसलं ते त्याचं त्याला माहीत. समोरच्या घराच्या अंगणात एक माणूस पानं झाडत होता, पलीकडे दोन बायका गप्पा मारत होत्या, आणि त्यातली एक काल पॅनकेक खायला केल्टनला होती. त्याने तिला ओळखलं. तिने त्याला ओळखलं.

"मिस्टर कोसार," वेन्डेल म्हणाला, "मला पोटाचा त्रास होता."

"कसला?"

"साफ व्हायचं नाही."

"नऊ वर्षांच्या पोराला?"

"लहानपणापासून. डॉक्टरने सांगितलं, रोज कोंडा. आई समोर बसून खायला घालायची. मी रडायचो. मग मी खोकं फिरवून ठेवायचो आणि तुमच्याकडे बघत खायचो."

एमिल कोसार खुर्चीत हळूच मागे रेलला.

"माझ्याकडे बघत," तो म्हणाला.

"रोज."

एमिलने सही केली. लांबलचक, त्यामुळे ती अर्ध्या ग्लोव्हवरून खांद्यावर गेली आणि पार कडेपर्यंत पोचली. मग त्याने कार्ड वर धरलं आणि रस्त्यापलीकडे ओरडला, "ए बर्टन! हा बघ! हा पोरगा रोज माझ्याकडे बघत कोंडा खायचा!"

पानं झाडणारा माणूस थांबला. दोन्ही बायका वळल्या.

"कोंडा?" तो ओरडला. "कशासाठी?"

एमिलने वेन्डेलकडे बघितलं. तूच सांग, असं.

वेन्डेल पडवीच्या कठड्यापाशी गेला, तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि नीट ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बद्धकोष्ठ होतं मला!"

बर्टनने टोपी काढली. मग कालच्या पॅनकेकवाल्या बाईने हात छातीवर ठेवला आणि फार मायेने विचारलं, "आता कसं आहे रे बाळा?"

"आता बरं आहे," वेन्डेल म्हणाला, आणि कार्डावरची शाई वाळायची वाट बघत तिथेच उभा राहिला.